दर्शनी किंमत, स्थानिक किंमत

जुन्नरजवळच्या नाणेघाटात, घाटमाथ्याशी, एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञ किती केले, गाई, घोडे, कार्षापण नाणी दक्षिणा म्हणून किती दिली, याची ती नोंद. दोनेक हजार वर्षांपूर्वीचा हा लेख आकड्यांसाठी मुद्दाम पाहावा.

त्यात २४,४०० ही संख्या येते ती तीनच चिन्हांत: एक वीस हजारांचं, एक चार हजारांचं, एक चारशेचं. चार हजारांचं चिन्ह म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेला चार. शून्य कुठेच नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. चिन्हांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते.

म्हणजे मोजणी दहाच्या पटीतच होती, पण आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरत नव्हती. शाळेत दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत शिकतो, त्यातली दुसरी अजून यायची होती. आपल्या २४,४०० मध्ये ४ दोनदा येतो आणि जागेमुळेच एकदा चार हजार, एकदा चारशे होतो. आता मात्र रिकामी जागा दाखवावी लागते, म्हणून शून्य हवं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० मधलं ते इवलंसं शून्य आजही पाहता येतं.

मला विचाराल तर खरी झेप हीच, जागेवरून किंमत ठरण्याची. दहा हा आकडा आपल्या बोटांमुळे आला; तो बदलला तरी काही अडत नाही. बॅबिलोनचे लोक साठाच्या पद्धतीत लिहीत, तासाची ६० मिनिटं तिथूनच आली. त्यांच्याकडेही जागेला किंमत होती, पण रिकाम्या जागेला बराच काळ चिन्ह नव्हतं. त्यामुळे १ आणि ६० सारखेच दिसत. कोणता ते संदर्भावरून ओळखायचं.

संगणक दोनवर चालतो. एकक, दशक, शतकाऐवजी जागा एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशा दुपटीने वाढतात. ४५ लिहून पाहू. दोनने भागत जायचं आणि बाकी मांडायची: ४५ ची बाकी १, २२ ची ०, ११ ची १, ५ ची १, २ ची ०, १ ची १. बाक्या शेवटून वाचल्या की १०११०१. पडताळा: ३२ + ८ + ४ + १ = ४५.

पाया, म्हणजे दहा, दोन किंवा साठ, बदलला की अपूर्णांकांचं नशीबही बदलतं. दहाला २ आणि ५ ने भाग जातो, ३ ने नाही, म्हणून एक-तृतीयांश ०.३३३… असा लांबतच जातो. बाराच्या पद्धतीत तोच नेमका ०.४, कारण बाराचा तिसरा हिस्सा चार. आपला जुना रुपया १६ आण्यांचा होता: अर्धा आठ आणे, पाव चार आणे, त्याचा निम्मा दोन आणे. १ एप्रिल १९५७ ला १०० नवे पैसे आले आणि तोच निम्मा साडेबारा पैशांवर अडला.

संगणकाची अडचण याच जातीची. दोनच्या पद्धतीत पाच हा विभाजक नाही, त्यामुळे ०.१ कधीच संपत नाही आणि कुठेतरी तोडावा लागतो. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ + ०.२ केलं की ०.३००००००००००००००…४ येतं ते यामुळेच. म्हणून पैशांचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रक्कम अनेकदा रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात.