गावातलं पर्यटन आणि गावाचं पर्यटन

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालं की पाट्या दिसायला लागतात. जंगल स्टे, फार्म स्टे, होमस्टे. मातीच्या भिंती, सारवलेली पडवी, नाचणीची भाकरी. वरवर सगळंच 'गावचं'. पण पर्यटन गावात चालणं वेगळं आणि गावाने चालवणं वेगळं.

गावातल्या पर्यटनात जमीन बाहेरच्याने घेतलेली असते. गावची बाई तिथे भांडी घासते, तिचा मुलगा गाड्या लावून घेतो. महिन्याचा पगार येतो आणि ज्या घरात दुसरी मिळकत नाही तिथे तो मोठाच असतो. पण खोल्या किती बांधायच्या, स्पीकर किती वाजता बंद करायचा, हे त्या बाईला कुणी विचारत नाही. अशाच एका ठिकाणी शेकोटीशेजारी सिद्दी पोरांना दमाम वाजवत नाचायला उभं केलेलं मी पाहिलं. पाहुण्यांनी व्हिडिओ काढले आणि पोरं मागच्या दाराने जेवायला गेली. ते मागचं दार मला अजून सलतं.

सिद्दी म्हणजे शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेल्यांचे वंशज. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरपासून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरपर्यंत त्यांची वस्ती आहे. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना थेट २०२० साली. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात, कडेकडेने आत जात, आणि कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावतात. ती कवंदी कितीला विकायची, मुळात विकायची की नाही, हे शिवणारीनं ठरवलं तर ते गावाचं पर्यटन.

होमस्टे या दोन्हींच्या मधे येतो. केंद्राच्या नोंदणी योजनेत मालकाने त्याच घरात राहावं लागतं आणि खोल्या जास्तीत जास्त सहा. नियम चांगला आहे, पण धंदा शेवटी एका घराचा.

गावाचं पर्यटन बघायचं तर अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी घ्या. महादेव कोळ्यांचं गाव, पावसाच्या तोंडावर काजव्यांसाठी प्रसिद्ध. तिथे पाहुणे घराघरांत पाळीने वाटले जातात. आज शेजारच्यांची पाळी, उद्या आपली. एका घरात एसी आणि दुसऱ्यात उपास, असं मग होत नाही.

खानापुरात हे जास्त अवघड आहे, कारण गाव एकजिनसी नाही. एकाच रानात मराठा शेतकरी, सिद्दी आणि गवळी धनगर राहतात. वनहक्क कायद्यात रानावरचा हक्क मागताना आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा रहिवास दाखवला की पुरतं. गवळी धनगरांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, म्हणून त्यांना ७५ वर्षांचा पुरावा जुळवावा लागतो. म्हशींमागे रानोरान फिरलेल्या माणसाने कागद कुठून आणायचा? गावाच्या पर्यटनाची समिती नेमताना अशी घरं बाहेर राहिली, तर नाव गावाचं आणि कारभार चार घरांचा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नाही म्हणण्याची ताकद. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला सामूहिक वनात कुणी यायचं ते ठरवता येतं आणि जंगलाला बाधा आणणारं काम थांबवता येतं. भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत, एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. ते जगात फक्त इथेच आहे असं बरीच वर्षं मानलं जाई. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. टॉर्च घेऊन माणसं आत शिरली की झोपलेली वटवाघळं बिथरतात. रिसॉर्टवाल्याला गुहा म्हणजे आणखी एक 'पॉइंट'. गावाला उद्याही तिथेच राहायचं असतं.

बुकिंगचा फोन कराल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. पुढच्या शनिवारी कुणाच्या घरी पाळी आहे? आणि गुहा बघायला मिळेल का? पहिल्याला घराचं नाव आलं आणि दुसऱ्याला "नाही वो, गावानं बंद केलीय" असं उत्तर आलं, तर पिशवी भरा आणि निघा.