आदिवासी आणि अनुसूचित जमाती: एकच समजू नका

'आदिवासी म्हणजेच अनुसूचित जमाती.' स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून बातम्यांपर्यंत हे वाक्य इतक्या वेळा वाचलं की आता गप्प बसवत नाही.

आदिवासी कोण, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. वारली, कातकरी, भिल्ल, गोंड, कोरकू ही नावं शाळेतच कानावर पडतात. 'आदि' आणि 'वासी' हे दोन्ही संस्कृत, पण जोडशब्द विसाव्या शतकातला. छोटा नागपूरच्या (म्हणजे आजच्या झारखंडच्या भागातल्या) आदिवासी चळवळीनं तो आपला म्हणून उचलला. १९३९ साली जयपालसिंह मुंडा आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले.

अनुसूचित जमाती ही मात्र सरकारी यादी आहे. संविधानाच्या कलम ३४२ नुसार राष्ट्रपती राज्यपालांचा सल्ला घेऊन ती अधिसूचित करतात आणि तीही राज्यवार. पुढे त्यात नाव घालायचं किंवा काढायचं, तर संसदेला कायदा करावा लागतो. सगळे अडखळतात ते या 'राज्यवार' शब्दाशी. झारखंडमधले संथाळ, मुंडा, उरांव अनुसूचित जमाती आहेत. त्यांच्याच पूर्वजांपैकी जे इंग्रजांच्या काळात आसामच्या चहामळ्यांवर मजुरीला नेले गेले, त्यांचे वंशज आसामच्या यादीत नाहीत. आम्हालाही यादीत घ्या, अशी मागणी ते दशकानुदशकं करत आले आहेत. त्यातही, आसामात 'आदिवासी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चहामळ्यांतले लोक येतात. बोडो तिथे यादीत आहेत, पण त्यांना कुणी आदिवासी म्हणत नाही. म्हणजे एकाच राज्यात आदिवासी यादीबाहेर आणि यादीतले 'आदिवासी' नव्हेत!

बंजारा समाजाचंही बघा. तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. तांडा तोच, गोरबोलीही तीच. राज्याची सीमा ओलांडली की दाखला बदलतो.

आपल्याकडे खात्याचं नाव 'आदिवासी विकास विभाग' आणि दाखल्यावर 'अनुसूचित जमाती', त्यामुळे घोळ वाढतो हे मान्य. म्हणून आरक्षण, दाखला, पडताळणी यांबद्दल लिहिताना 'अनुसूचित जमाती'च लिहा. माणसांबद्दल, त्यांच्या भाषेबद्दल, जमिनीबद्दल लिहिताना 'आदिवासी'.

आणि 'वनवासी' तर नकोच. संविधान सभेत जयपालसिंहांनी संविधानाच्या अनुवादातल्या 'बनजाति' (वनात राहणारी जमात) या शब्दाला हरकत घेतली होती: आमच्यातले बहुतेक लोक जंगलात राहतच नाहीत, मग 'आदिवासी' का नाही?