रीफ टँकमधील पाण्याचा फेरा आणि पाण्याची हालचाल: दोन वेगळे हिशेब

छोट्या रीफ टँकला (जिवंत प्रवाळे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला) पाण्याचा प्रवाह किती हवा, असे विचारले तर एक जाणकार ताशी टँकमधल्या पाण्याच्या पाचपट सांगतो आणि दुसरा तीसपट. ऐकणारा गोंधळतो आणि बहुधा मधला कुठला तरी आकडा धरून एकच मोठा पंप विकत घेतो. वास्तविक त्या दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते. पहिला बोलत असतो तो टँकमधील पाणी खालच्या संपमध्ये, म्हणजे टँकखाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीत, उतरून, गाळले जाऊन, रिटर्न पंपाने पुन्हा वर येण्याविषयी. दुसरा बोलत असतो तो वेव्हमेकरने, म्हणजे टँकमध्ये बसवलेल्या पंख्याच्या पंपाने, टँकच्या आतल्या आत पाणी हलते ठेवण्याविषयी. दोन्ही पंपांच्या खोक्यांवर क्षमता ‘लिटर प्रतितास’ याच मापात छापलेली असते, आणि म्हणून हे दोन हिशेब एकमेकांत मिसळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी समुद्र वेगवेगळ्या करून दाखवतो. कातळातील डबक्यांत दिवसातून दोनदा भरतीचे पाणी शिरते आणि आतले पाणी बदलते. पण बाहेरच्या खडकांवर पाणी सतत आपटत, मागे ओढले जात आणि पुन्हा वळत असते, मग भरती असो वा ओहोटी. मालवणजवळच्या उथळ आणि बरेचदा गढूळ पाण्यात पोराइट्स, टर्बिनारिया, फेवाइट्स यांसारखी प्रवाळे टिकून आहेत. अशा पाण्यात अंगावर बसणारा गाळ झटकण्याचे बरेचसे काम लाटा आणि प्रवाहच करतात. (ही प्रवाळे पाहावीत, उचलू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे.) पाणी बदलणे आणि पाणी हलणे या प्रवाळाच्या दोन स्वतंत्र गरजा आहेत, आणि टँकमध्ये त्या दोन स्वतंत्र पंपांनी भागवणेच मला योग्य वाटते.

रिटर्न पंपाचे काम तुलनेने मर्यादित आहे. टँकचे पाणी स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारे यंत्र), गाळणी, हीटर किंवा चिलर यांच्यापर्यंत पोहोचावे, पृष्ठभागावरचा तवंग ओव्हरफ्लोतून (काठावरून पाणी खाली नेणाऱ्या वाटेतून) खाली जावा आणि वरचे व खालचे तापमान सारखे राहावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. त्यासाठी ताशी तीन ते पाच पट फेरा बहुतेक छोट्या टँकना पुरतो. येथे एक बारकावा आहे. ताशी एक पट फेरा म्हणजे तासाभरात सगळे पाणी संपमधून जाऊन आले, असे नव्हे. परत आलेले पाणी टँकमधल्या पाण्यात मिसळत राहते, त्यामुळे एका फेऱ्याएवढे पाणी फिरल्यावर प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्के पाणीच एकदा तरी खाली गेलेले असते, आणि तीन फेऱ्यांनंतर सुमारे ९५ टक्के. त्यापुढे पंप वाढवून हाती फारसे लागत नाही, कारण स्किमर स्वतःच्या पंपाने जेवढे पाणी ओढतो तेवढेच साफ करतो. संपमधून दुप्पट पाणी धावले तरी स्किमरची क्षमता तीच राहते. वाढतो तो ओव्हरफ्लोचा आवाज, बारीक बुडबुडे आणि विजेचा खर्च.

खोक्यावरचा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवावे लागत नसतानाचा असतो. संपपासून टँकच्या काठापर्यंतची उंची, नळीची जाडी आणि प्रत्येक एल्बो (नळीचे वळण) यांमुळे तो बराच घटतो. म्हणून परतीच्या नळीखाली बादली धरून मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दहा लिटरची बादली भरायला ८० सेकंद लागत असतील, तर रिटर्न पंप ताशी ४५० लिटर पाणी देत आहे.

आतल्या हालचालीचा हिशेब मात्र बादलीने होत नाही, आणि खरी काळजी घ्यायची ती येथे. प्रवाळ एका जागी चिकटलेले असते. प्राणवायू, अन्नकण आणि क्षार त्याच्याकडे पाण्यानेच यावे लागतात, आणि त्याने टाकलेला चिकट स्राव व कचराही पाण्यानेच न्यावा लागतो. प्रवाळाच्या त्वचेला लागून पाण्याचा एक अत्यंत पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पाणी संथ असेल तर हा थर जाड होतो आणि देवाणघेवाण मंदावते. बाहेर पाणी कितीही शुद्ध असले तरी प्रवाळाला त्याचा पुरेसा लाभ होत नाही. हा थर पातळ ठेवतो तो प्रवाळापाशी असलेला पाण्याचा वेग, पंपाची ताशी क्षमता नव्हे.

ताशी १८०० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी, रिटर्न पंपाच्या दोन सेंटिमीटर व्यासाच्या नोझलमधून सोडले तर ते सेकंदाला सुमारे १६० सेंटिमीटर वेगाने बाहेर पडते. तेवढेच पाणी वेव्हमेकरच्या सहा सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यातून सोडले तर वेग जेमतेम १८ सेंटिमीटर भरतो. पहिली धार समोरच्या प्रवाळाची त्वचा सोलून काढू शकते आणि तरीही मागच्या कोपऱ्यात कचरा साचत राहतो. दुसरा प्रवाह रुंद पसरतो. मोठा रिटर्न पंप वेव्हमेकरची जागा घेऊ शकत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

तरीही खरेदीपुरता अंदाज लागतोच. मश्रूम, झोअँथिड आणि इतर मऊ प्रवाळांसाठी ताशी दहा ते वीस पट, टॉर्च आणि हॅमर यांसारख्या मोठ्या पॉलिपांच्या (प्रवाळाच्या वसाहतीतील एकेका तोंडाच्या जीवांच्या) प्रवाळांसाठी पंधरा ते पंचवीस पट, आणि अॅक्रोपोरा, माँटिपोरा या लहान पॉलिपांच्या कठीण प्रवाळांसाठी तीस पट किंवा त्याहून अधिक, असे धरले जाते. ६० × ४५ × ४० सेंटिमीटरच्या टँकमध्ये १०८ लिटर मावतात, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ९० लिटरच्या आसपास राहते. त्याला रिटर्नचा पाचपट फेरा ४५० लिटरांचा, आणि मऊ व मोठ्या पॉलिपांच्या मिश्र टँकसाठी वीसपट हालचाल १८०० लिटरांची. ही हालचाल एका पंपाऐवजी समोरासमोरच्या दोन छोट्या वेव्हमेकरमध्ये वाटून, आलटून-पालटून चालवली तर अधिक चांगली, कारण एकाच दिशेचा सततचा झोत प्रवाळाची एक बाजू थकवतो आणि दुसरी उपाशी ठेवतो.

पुढचा निर्णय टँक पाहूनच घ्यावा. पंप चालू ठेवून चिमूटभर अन्न सोडावे. एखादा कण ६० सेंटिमीटरची लांबी सहा सेकंदांत कापत असेल, तर तेथे पाण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर आहे. पॉलिप फुललेले असून वेगवेगळ्या दिशांना हलत असतील तर प्रवाह योग्य आहे. ते एकाच बाजूला दाबले गेले असतील, मिटलेले राहत असतील किंवा वाळूला खड्डे पडत असतील तर तो जास्त आहे. प्रवाळाच्या खोबणीत गाळ बसत असेल, तर रिटर्न पंप वाढवण्याआधी वेव्हमेकरची दिशा बदलून पाहावी.

कोकणात या हिशेबाला उकाड्याचीही बाजू आहे. पाण्यात बुडवलेल्या पंपाची जवळपास सगळी वीज अखेर उष्णता होऊन पाण्यातच उतरते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गरजेपेक्षा मोठा पंप चिलरवरचा भार वाढवतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. पावसाळ्यात वारा सुटला आणि वीज गेली, तर इन्व्हर्टरवर आधी घ्यायचा तो वेव्हमेकर. त्याला थोडेच वॉट लागतात आणि तो पृष्ठभागाकडे वळवला की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो. रिटर्न पंप तेवढे तास बंद राहिला तरी चालतो, मात्र तो थांबल्यावर वरून उतरणारे पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी असली पाहिजे.