पाणी पुढं गेलं, गाळ मागं राहिला

तलावाच्या मध्यावर होडी थांबवायची, लांब पोकळ नळी तळाच्या गाळात सरळ खुपसायची आणि थर हलू न देता अलगद वर ओढायची. नळीच्या वरच्या टोकाला कालपरवा बसलेला पातळ, काळसर चिखल असतो. जसजसं खाली जावं तसा गाळ घट्ट होत जातो आणि वर्षं मागं जातात. प्रयोगशाळेत या गाळाचे पातळ काप काढतात आणि प्रत्येक काप वेगळ्या पिशवीत ठेवतात. शिसं-210 हे शिशाचं किरणोत्सारी रूप साधारण 22 वर्षांत निम्मं होतं, त्यावरून कापाचं वय काढता येतं. जोडीला 1963ची ठळक खूण असते. त्या सुमारास हवेतल्या अणुचाचण्यांमुळे सीझियम-137 हे किरणोत्सारी द्रव्य सर्वांत जास्त प्रमाणात खाली आलं आणि जगभरच्या तलावांच्या तळाशी त्याची नोंद झाली.

नद्या-तलावांतल्या रासायनिक प्रदूषणाचा इतिहास सांगायला मला या नळीइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा दिसत नाही. स्वीडनमधल्या तलावांच्या गाळात सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या थरात शिसं वाढलेलं सापडतं. तिथं तेव्हा कारखाना नव्हता, खाणही नव्हती. ग्रीक आणि रोमन काळात दूर दक्षिणेला चांदी-शिशाच्या भट्ट्या पेटल्या, त्यांचा धूर वाऱ्यानं उत्तरेला नेला आणि तो त्या निर्जन तलावांत उतरला. मध्ययुगापासून हा आकडा पुन्हा चढतो. विसाव्या शतकात, 1923 साली शिसंयुक्त पेट्रोल बाजारात आल्यावर, तो शिखर गाठतो आणि 1970च्या दशकानंतर उतरू लागतो. म्हणजे माणसानं घेतलेला एक चुकीचा निर्णय आणि नंतर केलेली दुरुस्ती, दोन्ही त्या चिखलात वाचता येतात.

लिखित इतिहासात मात्र या प्रश्नाची सुरुवात डोळ्यांना आणि नाकाला जाणवणाऱ्या घाणीपासून होते. जुलै 1855मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लंडनमध्ये वाफेच्या बोटीनं थेम्समधून चालले होते. नदी सगळीकडे फिकट तपकिरी आणि अपारदर्शक दिसत होती. त्यांनी पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, पटकन बुडावेत म्हणून ओले केले आणि प्रत्येक धक्क्यापाशी थोडे थोडे पाण्यात सोडले. लख्ख ऊन असूनही इंचभर खाली जाण्याआधीच तुकडे दिसेनासे होत. एखादा तुकडा कडेवर उभा पडला, तर त्याचं वरचं टोक पाण्याबाहेर असतानाच खालचं नाहीसं होई. हा अनुभव त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवला. तीन वर्षांनी, 1858च्या उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी संसदेत शिरली. मग अभियंते जोसेफ बॅझलगेट यांच्या आराखड्यानुसार भुयारी गटारं बांधली गेली. शहर वाचलं. पण मैला आणखी खालच्या अंगाला नेऊन त्याच नदीत सोडला गेला. पुढच्या शंभर वर्षांत जगभर हाच तोडगा गिरवला गेला: घाण आपल्यापासून लांब न्यायची आणि पाण्याच्या हवाली करायची.

तेव्हा हे वेडेपणाचं वाटत नव्हतं, हेही सांगायला हवं. मैला सडतो, जिवाणू तो खातात आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असेल, तर काही अंतरावर नदी खरोखरच सुधारते. वाहतं पाणी स्वच्छ होतं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. चूक झाली ती हाच हिशेब रसायनांना लावण्यात. 1856 साली कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार झाला आणि रंगांचे कारखाने झपाट्यानं वाढले. 1860च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात किरमिजी रंग बनवताना वापरलेलं आर्सेनिक जमिनीत मुरलं आणि आसपासच्या विहिरी विषारी झाल्या. त्यानंतर कारखान्यांचा टाकाऊ माल ऱ्हाइनच्या जोरदार धारेत सोडणं सोयीचं ठरलं. आर्सेनिक मात्र सडत नाही. पारा, कॅडमियम, शिसं यांना खाऊन संपवणारा जिवाणू नाही.

त्याची किंमत सगळ्यात क्रूरपणे जपाननं मोजली. मिनामाटा शहरातला कारखाना ॲसिटाल्डिहाइड हे औद्योगिक रसायन तयार करताना पाऱ्याचा उत्प्रेरक वापरत असे. त्याच प्रक्रियेत मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं अतिविषारी सेंद्रिय रूप, तयार होई आणि सांडपाण्याबरोबर 1932पासून उपसागरात जाई. आधी मांजरं झोकांड्या खाऊन मरू लागली, मग कोळ्यांच्या घरांतली मुलं. 1 मे 1956 रोजी हा रोग अधिकृतपणे नोंदवला गेला. 1958मध्ये कंपनीनं सांडपाण्याचं तोंड बंदराकडून मिनामाटा नदीच्या मुखाकडे वळवलं. जास्त पाणी मिळालं की विष पातळ होईल, ही तीच जुनी समजूत. झालं उलटं: पारा मोठ्या समुद्रात पसरला आणि नव्या गावांत रुग्ण सापडले. ही एक गोष्ट प्रत्येक अभियंत्याला शिकवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. 1965 साली निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी हाच रोग पुन्हा दिसला. तिथला कारखाना तर नदीच्या वरच्या अंगाला सुमारे 60 किलोमीटरवर होता. मिनामाटातलं उत्पादन थांबलं ते 1968 साली. त्याच वर्षी जिंझू नदीकाठच्या ‘इताई-इताई’ आजाराचं कारण खाणीतलं कॅडमियम असल्याचं सरकारनं मान्य केलं. नदीचं पाणी भातशेतीत खेळवलेलं होतं. रुग्णांची हाडं इतकी ठिसूळ झाली होती, की विव्हळण्याचा शब्दच रोगाचं नाव बनला.

पाऱ्याबाबत आणखी एक धक्का बाकी होता. 1960च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी दाखवून दिलं, की साधा अजैव पारा तळाच्या गाळात पडला तरी तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथिल पारा करतात. तोवर तळाशी गेलेला पारा म्हणजे पुरलेला पारा असं धरलं जात होतं. प्रत्यक्षात प्राणवायू नसलेल्या चिखलात हळूहळू नवं विष तयार होत होतं आणि किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत चढत होतं.

अन्नसाखळीत चढत जाण्याचा हा प्रकार कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तलावात आधीच दिसला होता. चिलटं मारण्यासाठी 1949पासून तिथं डीडीटी या कीटकनाशकाचं भावंड असलेलं डीडीडी तीनदा टाकलं गेलं. पाण्यातलं प्रमाण नगण्य होतं. पण मासे खाणारे ग्रीब पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या चरबीत ते हजारो पटींनी साठलेलं सापडलं. पाण्याचा नमुना शुद्ध निघाला म्हणून तलाव शुद्ध, असं म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली.

विषाची गोष्ट समजायला सोपी असते. फॉस्फरसची तशी नाही, कारण फॉस्फरस विष नाही, ते खत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट आलं, शेतात रासायनिक खत आलं आणि तलाव हिरवे पडू लागले. शैवाल मेलं की कुजताना तळचा प्राणवायू संपवतं आणि मासे गुदमरतात. दोष कार्बनचा, नायट्रोजनचा की फॉस्फरसचा, यावर जोरात वाद होता आणि साबण उद्योगाचं त्यात उघड हितसंबंधाचं नातं होतं. 1973 साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या चमूनं प्रयोगांसाठी राखलेल्या तलावांपैकी 226 क्रमांकाच्या तलावाच्या निमुळत्या कमरेत प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच दोन आणि सोबत फॉस्फरस. विमानातून काढलेल्या छायाचित्रात पडद्याच्या एका बाजूला गडद पाणी आहे आणि फॉस्फरस घातलेल्या बाजूला दाट हिरवट साय. वर्षानुवर्षांच्या अहवालांनी जे झालं नव्हतं, ते एका छायाचित्रानं केलं. अनेक ठिकाणी साबणातल्या फॉस्फेटवर बंधनं आली.

तरीही तलाव लगेच सुधारले नाहीत, आणि याचं कारण आधीच छापलेलं होतं. शास्त्रज्ञ क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42मध्ये इंग्लंडमधल्या तलावांवर काम करून दाखवलं होतं, की गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं, पण तळाचा प्राणवायू संपला की ही पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे बाहेरचा पुरवठा थांबवला तरी तलाव स्वतःच्याच साठ्यावर हिरवा राहू शकतो. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावात 1963 ते 1968 या काळात सांडपाणी वळवलं आणि पाणी सुखद वेगानं निवळलं, कारण तो खोल होता आणि प्रदूषण फार जुनं नव्हतं. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी तलावात 1970-80च्या दशकांत सुधारणा झाली, पण पुढं शेतांतून वाहून येणारा विरघळलेला फॉस्फरस वाढला. ऑगस्ट 2014मध्ये ईरीचं पाणी पिणाऱ्या टोलीडो शहरातल्या चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. निळ्या-हिरव्या शैवालाचं विष पाण्यात उतरलं होतं आणि ते उकळूनही जात नाही.

अपघातांनी कायदे लवकर बदलतात, एवढं मात्र खरं. 1969मध्ये क्लीव्हलँडमधल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगानं पेट घेतला. ती नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, पण या वेळी देशाचं लक्ष गेलं आणि 1972 साली अमेरिकेत जलशुद्धतेचा कडक कायदा आला. 1 नोव्हेंबर 1986 रोजी बाझलजवळ रसायनांचं गोदाम जळालं. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर सुमारे 30 टन कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये गेली, नदी लाल झाली आणि दीड लाखाच्या आसपास ईल मासे मेले. ज्या शहरानं शतकभरापूर्वी नदीला आर्सेनिक दिलं होतं, तिथूनच हे आलं. पुढच्या वर्षी काठच्या देशांनी कृती आराखडा मंजूर केला. सामन मासा परत यायला हवा, हे त्याचं एक उद्दिष्ट होतं आणि काही वर्षांत उपनद्यांमध्ये तो दिसूही लागला.

आम्लवर्षेला असा एक दिवस नाही. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी 1852मध्ये मँचेस्टरच्या पावसातलं आम्ल नोंदवलं. स्कॉटलंडमधल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तलावाच्या गाळातली डायटम शैवालाची काचेसारखी कवचं मोजल्यावर कळलं, की तिथलं पाणी 1850च्या सुमारापासूनच आम्ल होत आलं होतं. शिंडलर यांनी 1976पासून ओंटारिओतल्या त्याच प्रयोगतलावांपैकी 223 क्रमांकाच्या तलावात मुद्दाम हळूहळू आम्ल मिसळलं. ट्राउट मासे आम्लानं मेले नाहीत. आधी त्यांचं खाद्य असलेली झिंगी आणि छोटे मासे गेले, मग ट्राउट डोक्याला कातडी लटकवल्यासारखे कृश झाले. पाणी मात्र नितळ राहिलं. मरणारा तलाव सुंदर दिसू शकतो, हे पचवायला मला अजूनही जड जातं.

गंधकाचा धूर आता युरोप आणि उत्तर अमेरिकेत खूप कमी झाला आहे. पुष्कळ तलावांचं आम्ल उतरलं आहे. पण दशकानुदशकांच्या आम्ल पावसानं भोवतालच्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं आणि ते खडकातून पुन्हा सुटायला फार काळ लागतो. डाफ्निया या पाण्यातल्या पिसवेला कवचासाठी लिटरमागं साधारण दीड मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ओंटारिओतल्या अनेक तलावांत तेवढंही उरलेलं नाही. तिथं तिची जागा होलोपेडियम या दुसऱ्या बारीक जिवानं घेतली आहे, ज्याला कॅल्शियम कमी पुरतं आणि ज्याच्याभोवती बुळबुळीत जेलीचं आवरण असतं. पाण्याच्या गाळण्यांत ही जेली अडकते आणि लहान शिकारी जिवांना ती नीट खाता येत नाही. डाफ्नियाचे अवशेष कधीपासून विरळ झाले, हे तिथल्या गाळाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून, एकेक मोजूनच कळलं.