अशनिपात आणि महाविनाश
मोठा अशनी किंवा लघुग्रह पृथ्वीवर आदळणं आणि थोड्या काळात असंख्य जाती नामशेष होणं, ह्यांचा संबंध. पक्का धरावा असा पुरावा एकाच घटनेचा आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, ज्यात डायनासोर संपले (पक्षी तेवढे उरले). 1980 साली लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ ह्या बापलेकांनी दोन सहकाऱ्यांसोबत इटलीतल्या गुब्बिओजवळच्या, त्याच काळच्या पातळ मातीच्या थरात नेहमीच्या तीसेक पट इरिडियम दाखवलं, हा धातू जमिनीच्या कवचात फार कमी पण अशनींत भरपूर. पुढं मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर, व्यास अंदाजे 180 किमी, त्याच काळाचं निघालं.

खरा वाद दख्खनच्या लाव्हाचा. मराठवाड्यातला काळा फत्तर, ज्यात वेरूळ कोरलंय, तो सगळा ह्याच लाव्हाचा आणि तो वाहत होता त्याच सुमाराला, मग जीव धडकेनं गेले का लाव्हातल्या वायूंनी? आपल्याकडं विहीर खंदताना काळ्या खडकात मधेच तांबड्या मातीचा पट्टा लागतो, कुणी त्यालाच उल्केची राख समजंल, पण तसं नाही. एक थर थंड झाला, वरून झिजून त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा पसरला. पण सह्याद्रीतल्या अशाच तांबड्या थरांतून झिरकॉन ह्या टिकाऊ खनिजाचे बारीक कण वेचून 2019 मधे एका गटानं वय काढलं, त्यांच्या मते लाव्हा टप्प्याटप्प्यानं आला आणि एक मोठा टप्पा धडकेच्या हजारो वर्षं आधी सुरू झालेला. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीनं काढलं की जवळपास पाऊण लाव्हा धडकेनंतरचा. धडकेच्या हादऱ्यानंच लाव्हा वाढला असंही 2015 पासून मांडलं जातं. समुद्रातले बारीक कवचधारी जीव बरोबर इरिडियमच्या थरापाशीच एकदम कमी होतात, लाव्हा मात्र लाखो वर्षं चाललेला, म्हणून धडकेचं पारडं जड वाटतं.

बाकी महाविनाशांत पुरावा विरळ आहे. 25.2 कोटी वर्षांपूर्वीचा सगळ्यात मोठा विनाश बहुतेक जण सायबेरियातल्या लाव्हाशी जोडतात. उलट साधारण 3.5 कोटी वर्षांपूर्वीचं रशियातलं पोपिगाई विवर 100 किमीच्या आसपास असूनही त्याच्यासोबत महाविनाश दिसत नाही.

जालन्याच्या हद्दीपलीकडचं लोणारचं विवर ह्या हिशोबात बसत नाही, व्यास 1.8 किमीच, वय एका पद्धतीनं 50 हजार वर्षांच्या आसपास तर दुसरीनं 5.7 लाख, पण ते ह्याच काळ्या फत्तरात पडलेलं आहे.