डेरीच्या पंकमागचे घर

उत्तर आयर्लंडमधील डेरी या शहराला काय म्हणावे, यावरून तेथे आजही माणसाची बाजू ओळखली जाते: आयर्लंडशी एक होऊ पाहणाऱ्यासाठी ते डेरी, तर ब्रिटनशी निष्ठा राखणाऱ्यासाठी लंडनडेरी. 30 जानेवारी 1972 रोजी याच शहरातील बॉगसाइड भागात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला आणि त्यात 13 जण जागीच ठार झाले. त्यानंतर काही वर्षांतच ओनील बंधू, मायकेल ब्रॅडली, बिली डोहर्टी आणि फर्गल शार्की या शाळकरी वयाच्या मुलांनी ‘द अंडरटोन्स’ हा पंक, म्हणजे वेगवान आणि ओबडधोबड रॉक संगीताचा, बँड उभा केला.

रस्त्यावर लष्कराची गस्त असताना ही मुले गाणी लिहीत होती ती मुलींवर, उन्हाळ्यावर आणि अतिशहाण्या चुलतभावावर. बाहेरच्या पत्रकारांना हे पलायन वाटे. वास्तविक, दंगलींच्या बातम्यांपलीकडेही आपले एक साधे, कंटाळवाणे आणि गमतीचे घरगुती आयुष्य आहे, हे सांगणे डेरीच्या मुलाला तितकेच महत्त्वाचे वाटत असावे.

रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडची गती त्यांनी उचलली. पण चालीचा गोडवा साठच्या दशकातील पॉपचा होता आणि गळा तर पूर्णपणे स्थानिक. शार्की लहानपणी ‘फेश’ या आयरिश कलामहोत्सवांतील गायनस्पर्धा जिंकत असे. त्याच्या आवाजातली ती थरथर, एखादा स्वर किंचित हलवत धरून ठेवण्याची लकब, पंकच्या आरडाओरड्यात चटकन वेगळी ऐकू येते. कॅस्बा नावाच्या लहानशा पबमध्ये वाजवता वाजवता ही शैली पक्की झाली.

जून 1978 मध्ये बेलफास्टमधील एका स्टुडिओत जेमतेम 200 पौंडांत चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. टेरी हूली यांच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीने ती प्रकाशित केली. हूली यांचे रेकॉर्डचे दुकान बेलफास्टमध्ये होते. लंडनच्या कंपन्यांनी नकार दिलेली ही तबकडी बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांच्या हाती पडली आणि त्यांनी ‘टीनेज किक्स’ हे अडीच मिनिटांचे गाणे एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले. लवकरच सायर या अमेरिकी कंपनीशी करार झाला. तरी लंडनला बिऱ्हाड हलवण्याची घाई या मुलांनी केली नाही. वेशभूषाही दूरचित्रवाणीवर बदलली नाही: आखूड पँट, जाड बूट, साधे जाकीट. फॅशन म्हणून नव्हे, तर घरून निघताना तेच अंगावर असे.

राजकारण अगदीच बाहेर राहिले, असेही नाही. 1981 मध्ये तुरुंगातील उपोषणांत दहा आयरिश प्रजासत्ताकवादी कैदी मरण पावले; त्याच वर्षी बँडच्या एका आनंदी चालीच्या गाण्यात या उपोषणांचे पडसाद उमटले. मात्र घोषणा नव्हती.

1983 मध्ये बँड फुटला. 1999 मध्ये तो शार्कीविना पुन्हा उभा राहिला, तेव्हा गायक म्हणून आलेला पॉल मक्लून हाही डेरीचाच होता.