डबा कधी भरायचा?

देवापुढे नारळ वाढवावा आणि आत पिवळसर, स्पंजासारखा गोळा निघावा. "फूल निघालं!" म्हणून घरभर आनंद होतो. शुभ मानतात ते. आमच्याकडे तो गोडसर गोळा सगळ्यात लहान पोराच्या हातावर पडायचा आणि बाकीचे नुसते बघत बसायचे.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मात्र ते फूल नव्हे. ते नारळाच्या बाळाचं तोंड आहे. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ. त्या मऊ डोळ्याखाली खोबऱ्यात रुतलेला इवलासा भ्रूण असतो. तो रुजू लागला, की त्याच्या एकुलत्या एका बीजपत्राचं टोक आत फुगत जातं, पाणी शोषतं, खोबरं विरघळवतं आणि सगळा माल बाहेर पडणाऱ्या कोंबाला पोचवतं. थोडक्यात, आपण सोलकढीत घालतो तो त्या बाळाचा डबा. हा डबा भरतं कोण आणि भरतं कधी, यात बीज धरणाऱ्या वनस्पतींची मोठी गंमत आहे.

शाळेच्या पुस्तकात वाटणी वेगळ्या खुणेवर केलेली असते. बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते तो भाग, उघड्यावर असेल तर झाड अनावृतबीजी: देवदार, चीड, सायकस. बीजांड अंडाशयात बंद असेल आणि पुढे त्या अंडाशयाचं फळ होत असेल, तर आवृतबीजी. उघड्या बीजांडाची ही बाब रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८२७ साली नीट मांडली. आज अनावृतबीजींच्या जाती जेमतेम हजारभर, तर आवृतबीजींच्या सुमारे तीन लाख. तरी बेंथम आणि हूकर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात सपुष्प वनस्पतींची मांडणी केली, तेव्हा या हजारभरांना द्विबीजपत्री आणि एकबीजपत्री यांच्या मध्येच बसवलं. दोन भावांच्या मध्ये आजोबा बसावेत तसं! भारतातल्या अनेक वनस्पतिसंग्रहांची, म्हणजे वाळवलेले नमुने जपणाऱ्या संस्थांची, कपाटं अजून त्याच क्रमाने लावलेली आहेत.

आता डब्याकडे. सायकसमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बागेत मादी एकटीच असली, आसपास नर नसला, तरी तिची बीजांडं टपोरी होतात, पुढे रंगही धरतात. आत अन्न साठलेलं असतं, भ्रूण मात्र नाही. बाळ होणार की नाही हे कळायच्या आधीच आईने डबा भरून ठेवलेला! म्हणूनच चिलगोज्याचा, म्हणजे चिडाच्या एका भाईबंदाच्या बीचा, पांढरा गर म्हणजे निव्वळ आईचा ऐवज आहे. त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, बापाचा वाटा शून्य. (सायकसचा बाप तरी काय, त्याच्या पुंपेशी अजून पोहत येतात. सायकस आणि जिंकगो नावाचं दुसरं एक अनावृतबीजी झाड, या दोघांतला हा प्रकार जपानमध्ये १८९६ साली उघडकीला आला.)

फुलझाडं, म्हणजे आवृतबीजी, जास्त हिशेबी. परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून नलिका निघते आणि बीजांडापर्यंत दोन पुंयुग्मकं, म्हणजे बापाकडच्या पेशी, आणून सोडते. दोन कशाला, हे कोडं कीव्हमध्ये लिलीच्या कुळातली फुलं तपासणाऱ्या सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली सोडवलं. एक पुंयुग्मक अंडपेशीला मिळतं, त्याचा भ्रूण होतो. दुसरं शेजारच्या मोठ्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे डबा तयार होतो. लग्न लागल्याखेरीज चूल पेटत नाही. नारळाच्या भ्रूणात ३२ गुणसूत्रं असतात, खोबऱ्यात ४८. आईचे दोन वाटे, बापाचा एक.

शहाळेवाला विचारतो, "पाणीवालं देऊ की मलईवालं?" तो खरं तर याच भ्रूणपोषाचं वय विचारत असतो. सुरुवातीला केंद्रकं नुसती विभागत राहतात, पेशींच्या भिंती उभ्याच राहत नाहीत, ती पाण्यात तरंगतात. मग करवंटीच्या आतून भिंती बांधल्या जातात, मलई धरते आणि तीच पुढे घट्ट होऊन खोबरं बनते.

बापाचा वाटा पाहायचा असेल तर मका बघा. पांढऱ्या मक्यावर शेजारच्या शेतातल्या पिवळ्या मक्याचे पराग आले, तर त्याच कणसात, त्याच हंगामात पिवळे दाणे भरतात, कारण दाण्याचा तो रंग भ्रूणपोषातला. आंब्यात असं दिसत नाही, कारण तिथे आपण खातो तो गर आईच्या अंडाशयाचा.

सगळेच डबा नारळासारखा शेवटपर्यंत सांभाळत नाहीत. हरभरा, तूर, शेंगदाणा हे बीज पक्व होण्याआधीच भ्रूणपोष संपवून टाकतात आणि सगळं अन्न दोन बीजपत्रांत भरतात. या दोन बीजपत्रांमुळेच भरडल्यावर डाळ पडते. ज्वारीची पडत नाही. पण द्विबीजपत्री म्हटला की डबा रिकामा, असं समजू नका. एरंडाच्या बीत तो भरलेला असतो, आणि भिजवलेल्या मेथ्यांचा बुळबुळीतपणाही भ्रूणपोषाचाच.

या डब्यावर दुसऱ्याचं बाळ वाढेल का? १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण बीजातून काढले. साखर आणि क्षार देऊन ते जगत नव्हते. नारळातला द्रव घातल्यावर वाढू लागले. ऑर्किडची रोपं बाटलीत वाढवताना आजही अनेक प्रयोगशाळा त्यात शहाळ्याचं पाणी ओततात.